बफेलोतच घर घेतलंय

प्रिय आई-बाबा,

फोनवर आईचा आवाज कापरा झाला की माझं अर्धं बोलणं पोटातच राहतं, म्हणून लिहितेय. इथे अमेरिकेत, बफेलोत घर घेतलंय. सह्या झाल्या. दोन-चार वर्षांत सांगलीला परत येईन असं म्हणत आले, ते आता होईलसं वाटत नाही. तुमच्यापासून लांब राहायची हौस म्हणून नाही हो.

तुमची खोली तळमजल्यावर आहे, बाबांना जिना चढायला नको. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतेय. आई, पूर्वेची खिडकी तुझ्या देवांसाठी राखलीय.

नोकरी, पगार हे सगळं बोलून झालंय. पण मन इथे का रमलं ते बाबांना बिल्सच्या, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या, मॅचवरूनच कळेल. इथे होतात तेव्हा आधी "ही तर कुस्तीच" म्हणालात आणि नंतर मलाच चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे जायचा नियम समजावायला लागलात!

1991 च्या जानेवारीतला तो सुपर बोल, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, आठवतो? बिल्स 19, जायंट्स 20, आठ सेकंद उरलेली आणि स्कॉट नॉरवूडची 47 यार्डांवरून किक. चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरून गेला आणि बिल्स हरले. दुसऱ्या दिवशी नायगारा स्क्वेअरमध्ये हजारो लोक जमले आणि हाका कुणाच्या, तर स्कॉटच्याच. तो माइकसमोर आला तेव्हा त्याला बोलवेना. शारजात मियांदादच्या षटकारानंतर चेतन शर्माला किती वर्षं ऐकून घ्यावं लागलं, हे तुम्हीच मला कळवळून सांगायचात ना? हरलेल्या माणसाला पोटाशी धरणाऱ्या गावात मी राहतेय, बाबा. एकटी नाही.

तुमच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप येत नव्हती, तेव्हा 1993 ची ह्यूस्टनच्या ऑयलर्सशी झालेली मॅच सांगितली होती. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला 35-3 असे मागे, बिल्सचा मुख्य खेळाडू जिम केली जखमी, खेळायला बदली फ्रँक राइक. सगळी तिकिटं खपली नाहीत म्हणून इथल्या टीव्हीवर मॅच दाखवलीच नाही, गाव रेडिओला कान लावून बसलं. मैदान सोडून गेलेले लोक परत फिरले. जादा वेळेत 41-38 ने बिल्स जिंकले. तुम्ही "पुढं?" म्हणत होतात आणि मला वाटत होतं, लहानपणी तापात तुम्ही गोष्ट सांगायचात तशीच आता माझी पाळी आली. तुमचा हात किती हलका लागत होता.

आता नीट ऐका. 2 जानेवारी 2023 ला सिनसिनाटीत बिल्सचा डमार हॅमलिन एका खेळाडूला अडवून उठला आणि कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. मैदानातच ताबडतोब सीपीआर दिला, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबतात ते केलं, म्हणून चोवीस वर्षांचा तो पोरगा वाचला आणि पुढच्या मोसमात परत खेळला. मॅच अर्ध्यावर सोडून दिली. त्या रात्रीपासून मला तुमचीच काळजी लागलीय. म्हणून शेजारच्या काकांच्या मुलाला आणि आईला सीपीआर शिकायचाच आहे. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, जोरात दाबायचं. आई, "मला नाही जमणार" चालणार नाही. ॲम्ब्युलन्सचा 108 नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

बाबा, रक्त पातळ राहायची गोळी मनाने बंद करायची नाही, बरं वाटतंय म्हणूनसुद्धा नाही. लोणच्याचा खार बोटाने चाटणंही बंद, आईने सांगितलंय मला. रागावू नका तिच्यावर. आई, तू गुडघ्याला पट्टा लावल्याशिवाय बाजारात जायचं नाहीस. भाजी घरपोच मागव, पैसे मी भरते.

पासपोर्टची मुदत बघून ठेवा. डॉक्टर हो म्हणाले तर सप्टेंबरच्या शेवटी या. तेव्हा थंडी सोसवते आणि मोसम नुकताच सुरू झालेला असतो. गरम पायमोजे इथे घेऊन ठेवते, तिकडून ओझं आणू नका. मेतकूट मात्र आण गं, आई.

तुमची,
चिमी