पसरणी घाटातल्या पिकअपवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. वाईत शिरल्यावर तुम्ही दोनदा हॉर्न दिलात आणि सुरूर फाट्याच्या रस्त्याला लागलात. मी हात वर करून ‘अहो थांबा’ म्हणेपर्यंत गाडी गर्दीत दिसेनाशीही झाली. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. पाचगणी-भिलार भागातल्या कुणाला ओळख पटली तर वाचून दाखवतील.

दिवस मावळताना एक बाई सायकल उलटी करून घाटात एकटी का बसलीय, हे तुम्ही विचारलं नाहीत. तेव्हा मीच सांगते. पहाटे साताऱ्याहून निघाले होते. मोळाचा ओढा, कोंडवे, मेढा, केळघर आणि मग घाट चढून महाबळेश्वर. वेण्णेच्या काठाने वर जायचं आणि कृष्णेच्या खोऱ्यात खाली उतरायचं, असा बेत होता. दोघींचा उगम महाबळेश्वरचा आणि भेट होते ती थेट साताऱ्याच्या शेजारी, संगम माहुलीला. म्हणजे दोन नद्यांमधल्या डोंगराला प्रदक्षिणाच. पूर्ण फेरा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतो. त्यातला वाई-सातारा हा शेवटचा टप्पा मी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला होता, कारण वाईला मावशी असते आणि कारखाने सुरू असताना उसाच्या ट्रॉल्यांमागून अंधारात सायकल चालवायची हौस मला नाही.

कण्हेर धरणाजवळ धुकं इतकं होतं, की पाणी कुठे संपतं आणि रस्ता कुठे लागतो ते कळेना. हातमोजे घालूनही बोटं बधिर झालेली. ब्रेक दाबला की नाही, ते डोळ्यांनी पाहून ठरवायचं. केळघर घाटात मात्र उलटं झालं. पाठीला घाम आणि कानाला गारठा. पावसाळ्यात तिथे माणसं धबधबे बघायला जातात, पण मला तो घाट डिसेंबर-जानेवारीतच आवडतो. गवत पिवळं पडून वाळलेलं असतं, खालचं खोरं धुक्याने काठोकाठ भरलेलं असतं आणि एस.टी. खालच्या वळणावर असतानाच तिचा आवाज आपल्यापर्यंत येतो. महाबळेश्वर 1,372 मीटरवर. मेढ्यापासून 600-700 मीटर चढायचं म्हणजे घाई करून उपयोग नसतो. वेण्णा तलावाकडच्या हिमकणांचे फोटो दर थंडीत पेपरात येतात. मी पोहोचले तेव्हा ऊन टाळूवर आलं होतं, हिमकण कुठले! मग क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात निवांत बसले.

पाचगणी सोडली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. डावीकडे धोम धरणाचं पाणी चकाकत होतं आणि उतार लागला होता. एका वळणावर कडेची खडी चुकवता आली नाही. धारेचा दगड टायरच्या बाजूला लागला आणि टायर बोटभर फाटला. जास्तीची ट्यूब होती माझ्याकडे, पण ती घालून हवा भरली की फाटलेल्या जागेतून फुग्यासारखी बाहेर यायची. पर्यटकांच्या गाड्या वेग कमी करून बघत होत्या आणि पुढे जात होत्या. त्यांना तरी काय बोल लावायचा?

तुम्ही थांबलात तेव्हा, खरं सांगते, मी आधी गाडीचा नंबर पाठ केला. तुम्हालाही ते कळलं असावं. तुम्ही लांबच उभे राहिलात, हेडलाइट माझ्याकडे वळवलात आणि विचारलंत, “ताई, गाडीत टाकायची सायकल, का करायची नीट?” मी नीट करायची म्हटल्यावर ‘एकट्या कशाला आलात’ नाही, ‘उशीर कशाला केलात’ नाही. एरवी मला हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कुणी पानासुद्धा देत नाही.

टायरमध्ये घडी घातलेली नोट लावतात, असं मी कुठेतरी ऐकलं होतं आणि पाकीट काढलं होतं. तुम्ही हसलात. “नोट राहू द्या, गेटर टाकू.” गेटर म्हणजे फाटलेल्या जागी टायरला आतून लावायचं ठिगळ. सीटखालून जुन्या ट्यूबचा तुकडा निघाला. तो तुम्ही दुहेरी केलात, ब्लेडने कापलात आणि मग चारही कोपरे सावकाश गोल केलेत. मी म्हटलं, आता उशीर होतोय, चालेल तसंच. “कोपरा राहिला तर तोच ट्यूबला चावतो,” म्हणालात. आत अंगठा फिरवून सुरकुती नाही ना, ते पाहिलंत आणि हवा जरा कमीच भरायला लावलीत. पैसे विचारले, तर उत्तर म्हणून तुम्ही ‘केवढ्याची हो ही सायकल?’ विचारलंत. दुरुस्तीच्या एवढ्या वेळात तो एकच प्रश्न!

मी निघाले, तर तुमची गाडी मागेच. पसरणीपर्यंत, म्हणजे शाहीर साबळ्यांच्या गावापर्यंत, तुमच्या उजेडात मी तो घाट उतरले. माझा दिवा होता, पण तो खड्डा दाखवेपर्यंत चाक खड्ड्यात असतं. वळणावर तुम्ही थोडं अंतर वाढवायचात, म्हणजे माझी सावली माझ्याच पुढे आडवी पडायची नाही. घाईवाले मागून हॉर्न मारत होते, त्यांना तुम्ही बाजूने काढून देत होतात. मी एकदा हाताने ‘जा पुढे’ म्हणून खुणावलं, तर खिडकीतून ओरडलात, “माल नाजूक आहे, मला हळूच उतरायचंय!”

माल म्हणजे स्ट्रॉबेरी, हे वासावरूनच कळलं होतं. तेव्हा तुमचं म्हणणं मला पटलं. मावशीच्या शेजारी शेतकरी आहेत, त्यांनी रात्री जेवताना समजावलं. सकाळच्या गारव्यात तोडलेली फळं डब्यांत भरून संध्याकाळी निघतात, ती पहाटेच्या बाजाराला पुण्या-मुंबईत पोहोचायला हवीत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण उशिरा पोहोचलेल्या मालाचा भाव त्याने काही वाढत नाही. एवढ्या खोळंब्यात तुमचा बाजार तर चुकला नाही ना, हे मनात राहून गेलंय. तो चुकला असेल आणि तरी तुम्ही नाजूक मालाचं निमित्त सांगितलं असेल, तर दादा, मी काय बोलू?

सकाळी पाचवडमार्गे त्याच गेटरवर मी साताऱ्याला पोहोचले. नवा टायर आणलाय, पण अजून बसवला नाही. आनेवाडी टोलनाक्यापासून साताऱ्याकडे कधी येणं झालं तर पोवई नाक्यावर चहा आणि कंदी पेढे माझ्याकडून. सायकलची किंमत तिथे सांगेन. घरात अजून कुणालाही सांगितलेली नाही.

तुमची,
सायकलवाली ताई
सातारा