फ्रीमेसन : गूढ कमी, शिस्त जास्त

महोदय,

फ्रीमेसन म्हणजे बंधुता मानणारी, स्वतःचे विधी पाळणारी एक जुनी संघटना. तिच्या मुंबईच्या फोर्टमधील फ्रीमेसन्स हॉलकडे लोक अजून संशयाने पाहतात. ‘जादूगर’ हा शिक्का तर जुनाच. प्रत्यक्षात १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँड लॉज ऑफ इंडिया या भारतातील मध्यवर्ती संस्थेचे चार प्रादेशिक विभाग आहेत आणि पश्चिम विभागाचा कारभार मुंबईतून चालतो. मात्र शहरातले प्रत्येक लॉज, म्हणजे सदस्यांची स्थानिक शाखा, त्याच्या अधीन असेलच असे नाही. १९६१ मध्ये कोणत्या ग्रँड लॉजखाली राहायचे हे निवडण्याची लॉजना मुभा होती, त्यामुळे काही लॉज इंग्लंड वा स्कॉटलंडशीच जोडलेली राहिली. चौकशी करणाऱ्यांचा गोंधळ होतो तो इथेच.

परंपरेतले महत्त्वाचे वळण १८४३ चे. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या लॉजमध्ये प्रवेश नाकारला गेला, म्हणून त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश फ्रीमेसनच्या पुढाकाराने, स्कॉटिश अधिकाराखाली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज उभे राहिले आणि भारतीयांना दार उघडले. बंधुतेचा घोष करणाऱ्यांना एवढा उशीर लागावा, हे काही भूषणावह नाही.

लॉजचा प्रमुख पूर्वेला बसतो, त्याच्या हाताखालचे दोन अधिकारी म्हणजे वॉर्डन; त्यांतला ज्येष्ठ पश्चिमेला, कनिष्ठ दक्षिणेला. सदस्यत्वाच्या पायऱ्या तीन. बैठकीत घालायचा नव्या सदस्याचा ॲप्रन कोरा पांढरा, दुसऱ्या पायरीवर त्यावर दोन फिती-फुले. प्रवेशासाठी गुप्त मतदान होते, तेही गोळ्या टाकून. नियमात ठरल्याइतक्या काळ्या गोळ्या निघाल्या की अर्ज फेटाळला जातो. ईश्वरावर श्रद्धा हवी, धर्म कोणताही चालतो. बैठकीत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई आहे.

— एक वाचक