पंखा डुलतो, भिंत उघडी पडली : घरसफाईच्या कामाबद्दल तक्रार

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
घरसफाई सेवा विभाग

विषय : २० सप्टेंबर रोजी केलेल्या पंखे व भिंतींच्या सफाईत झालेलं नुकसान आणि त्याची भरपाई

महोदय / महोदया,
स.न.वि.वि.

घटस्थापना सोमवारी होती, म्हणून आदल्या शनिवारी तुमच्या ॲपवरून पंखे आणि भिंतींची सफाई मागवली. पाच पंखे, हॉल, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. २,४९९ रुपये आगाऊ भरले. एरवी हे काम आम्ही दोघंच करतो. मी स्टूल धरते आणि हे उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवून ओढून घेतात, म्हणजे धूळ अभ्र्यातच राहते, पलंगावर पडत नाही. यंदा यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. म्हणून तुम्हाला बोलावलं, एवढंच.

चांगलं झालं तेही लिहिते. फोडणीचा चिकटा बसून स्वयंपाकघरातला पंखा तपकिरी झाला होता. तो मुळात पांढरा आहे हे घरात कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तो आणि एक्झॉस्टची जाळी, दोन्ही लख्ख निघाली. तक्रार आहे ती हॉलची.

हॉलमध्ये तुमच्या माणसांनी आधी भिंती ओल्या केल्या आणि मग पंख्याला हात घातला. वरून खाली यायचं असतं : कोपऱ्यातली जळमटं, मग पंखा, मग भिंत, शेवटी फरशी. इथे पंख्यावरची वर्षभराची धूळ ओल्या भिंतीवर बसली, तिचा चिखल झाला आणि तो पुसायला पुन्हा पाणी मारलं. पाणीसुद्धा साधं नाही. स्वयंपाकघरातल्या चिकट्यावर मारलेलाच फवारा त्यांनी हॉलच्या भिंतीवर मारला. टाइल्सवर तो चालतो. आमच्या हॉलला डिस्टेंपर आहे, तोही आठ वर्षांपूर्वीचा. नुसता हात फिरवला तरी बोटाला पांढरी भुकटी लागते. अशी भिंत कोरड्या कुंच्याने झाडायची असते, फार तर ओलसर फडकं हलक्या हाताने फिरवायचं. तिच्यावर फवारा मारून घासणीने घासल्यावर काय होणार?

दिवाणाच्या वरच्या बाजूला सासऱ्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. कैक वर्षं ते तिथेच टेकून पेपर वाचायचे. तो डाग काढायला मी सांगितलं नव्हतं. तुमच्यातल्या एकाने आपणहून, चांगल्या मनाने, तो घासायला घेतला. डाग गेला हे मान्य. त्याबरोबर रंग गेला, रंगाखालचा प्रायमर गेला आणि आता ताटाएवढी पांढरी लांबी (रंगाखालची पुट्टी) उघडी पडली आहे. तिथून सॉकेटपर्यंत ओघळ आलेत ते वेगळेच. सासूबाई रोज त्या जागेकडे बघतात, बोलत काही नाहीत.

आता पंखा. चौदा वर्षं तो एका जागी गपगार फिरत होता. तुमच्या माणसाने एका हाताने पातं धरून दुसऱ्या हाताने वरून दाबून घासलं. शिडी आणली नव्हती, तो आमच्या डायनिंग टेबलावर उभा होता. पंखा फक्त बटणाने बंद होता. मेन स्विच यांनी घाईघाईने जाऊन पाडला, कारण ओलं फडकं मोटरवर फिरायला लागलं होतं. त्या रात्रीपासून पंखा तीनवर लावला की रॉडसकट डुलतो आणि वरची वाटी खटखट वाजते. वायरमनने छतापासून प्रत्येक पात्याच्या टोकापर्यंत काठी लावून माप घेतलं. दोन पाती सारखी, तिसरं बोटभर खाली. एकच पातं बदलून भागत नाही, तिन्हींचं वजन जुळावं लागतं म्हणून पूर्ण सेट घ्यावा लागतो, असं त्याने सांगितलं. तोवर पंखा बंद आहे आणि आम्ही ऑक्टोबरच्या उकाड्यात टेबलफॅनवर आहोत.

२१ सप्टेंबरला मी फोटो आणि व्हिडिओसकट ॲपवर तक्रार टाकली. उत्तर आलं २७ तारखेला : "जुन्या भिंतींचा रंग सफाईत निघू शकतो, ही नैसर्गिक बाब आहे." सोबत पुढच्या बुकिंगवर १५० रुपयांची सूट. नैसर्गिक बाब होती तर घासण्याआधी सांगायचं होतं. बुकिंग करताना तुमचं ॲप घरात कुत्रा-मांजर आहे का हे विचारतं, पार्किंग आहे का हेही विचारतं. भिंतीला डिस्टेंपर आहे, प्लास्टिक पेंट आहे की ऑइलपेंट, हा एक प्रश्न त्यात नाही. माझी खरी तक्रार हीच आहे.

त्या दोन मुलांचा पगार कापून हे प्रकरण मिटवू नये. दोघांत एक बादली, एकच बाटली, आणि अडीच तासांत पुढचं घर गाठायचं. दुपारी पोहे दिले तर उभ्याउभ्या खाल्ले. कोणत्या भिंतीला काय लावायचं हे त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं, मी विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं.

माझं म्हणणं असं. स्वयंपाकघराचं काम नीट झालं, त्याचे ५०० रुपये ठेवून घ्या आणि उरलेले १,९९९ परत करा. पात्यांचा सेट आणि वायरमनची मजुरी मिळून ९५० रुपये होतात, ते द्या. दिवाणामागच्या भिंतीला लांबी, प्रायमर आणि दोन हात रंग यांचा ६,२०० रुपयांचा अंदाज रंगाऱ्याने लिहून दिला आहे, तो सोबत जोडला आहे. जुन्या रंगाशी नवा जुळत नाही म्हणून तो सगळा हॉल रंगवून घ्यायला सांगत होता. तो खर्च मी तुमच्यावर टाकत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पोच तर चुकलीच. महिना २१ ऑक्टोबरला संपतो. त्यानंतर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, हे मी विचारून ठेवलं आहे.

पहिली अंघोळ २० तारखेला आहे. रंगाऱ्याने आमच्यासाठी १३ आणि १४ या तारखा धरून ठेवल्या आहेत, त्याआधी सामान हलवायला एक दिवस लागतो. तेव्हा ११ तारखेपर्यंत कळवा. आणि पाहणीला माणूस पाठवणार असाल तर दुपारी दोन ते चार सोडून पाठवा, सासूबाई झोपलेल्या असतात.

आपली,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे

सोबत : पावती, सहा फोटो, पंख्याचा व्हिडिओ, वायरमन व रंगाऱ्याचे लेखी अंदाज