ति. आई-बाबा, इगतपुरीचं खरं काय ते सांगायचं राहून गेलं

ति. आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर मला हे बोलता येत नाही. फोन लावला की आई, तू जेवलास का विचारतेस, मी बाबा कसे आहेत विचारतो, तू बरे आहेत म्हणतेस आणि झालं. बाबा बाजूलाच बसलेले असतात हे मला टीव्हीच्या आवाजावरून कळतं, तरी फोन त्यांच्याकडे दे असं मी म्हणत नाही आणि तेही मागत नाहीत. किती वर्षं असं चाललंय. म्हणून लिहितोय. आई, तू वाच आणि बाबांना नीट ऐकू जाईल असं मोठ्याने वाच.

आधी एक कबूल करतो. गेल्या आषाढात माझा फोन दहा-बारा दिवस बंद होता तेव्हा कंपनीच्या कामाला बाहेरगावी चाललोय असं मी सांगितलं होतं, ते खोटं होतं. मी इगतपुरीला धम्मगिरी नावाच्या केंद्रात विपश्यनेच्या, म्हणजे ध्यानाच्या, दहा दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. जानेवारीत परत गेलो तेव्हा तुमच्या सुनेने खरं सांगितलं आणि आई तू रडलीस, पोरगा साधू व्हायला निघाला, आपला देव सोडला म्हणून. तसं काही नाही गं. ज्यांनी हे इकडे आणलं ते गोयंका गुरुजी स्वतः संसारी माणूस, सहा मुलगे, ब्रह्मदेशात मारवाडी व्यापारी घरात वाढलेले. त्यांचं डोकं फार दुखायचं, अर्धशिशी, कितीही औषधं केली तरी जाईना, म्हणून 1955 साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. आणि हे ऊ बा खिन पण काही साधू नव्हते, सरकारी नोकरीत होते, ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल, ऑफिस सांभाळून ध्यान शिकवायचे. त्यांनी आधी सांगितलं की नुसतं डोकेदुखीसाठी येणार असाल तर नको. मग 1969 ला गुरुजी भारतात आले ते कशासाठी, तर त्यांची आई इकडे आजारी होती आणि तिला हे शिकवायचं होतं. मुंबईत एका धर्मशाळेत जुलै महिन्यात पहिलं शिबिर झालं, त्यात सगळे मिळून चौदा जण आणि त्यातले दोन त्यांचे आई-वडील. हे कळलं तेव्हापासून मी त्या चौदा जणांचा खूप विचार करतो. म्हातारे आई-बाप समोर बसलेत आणि मुलगा सांगतोय की आता फक्त श्वासाकडे बघा. मला तर तुम्हाला साधं पत्र लिहायला आठ महिने लागले.

आता का गेलो ते. मागच्या वर्षी जून महिन्यात एका रात्री छोटीला भागाकार शिकवत होतो. तिला बाकी काढणं जमत नव्हतं, मी दिवसभर लोकलचे धक्के खाऊन आलेलो, तिसऱ्यांदा चुकली आणि मी ओरडलो आणि माझा हात वर गेला. मारलं नाही बाबा, खरंच नाही मारलं. पण तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि डोळे गच्च मिटून घेतले, आणि तिच्या बोटांतून पेन्सिल खाली पडली. सात वर्षांची पोर. ती ज्या पद्धतीने आक्रसली ना, ते मला माझ्या अंगातून माहीत होतं. रात्रभर झोप नाही. ऑफिसमधला एक मित्र दोनदा जाऊन आला होता, त्यानेच फॉर्म भरून दिला.

तिथे काय असतं ते सांगतो. फोन, पैसे सगळं पहिल्याच दिवशी जमा करतात. पहाटे चारला घंटा, साडेचारला हॉलमध्ये, असं दिवसात दहा-साडेदहा तास बसायचं. बोलायचं नाही, खुणा पण नाहीत, शेजाऱ्याच्या डोळ्यात पण बघायचं नाही, त्याला आर्य मौन म्हणतात. अकराला जेवण आणि मग संध्याकाळी पाचला फळ, मुरमुरे आणि चहा, रात्रीचं जेवण नाही. जप, पोथी, उदबत्ती हे पण दहा दिवस बाजूला ठेवा म्हणतात, ते वाईट आहे म्हणून नाही, एका वेळी एकच गोष्ट नीट करून बघा म्हणून. फी काहीच नाही. आधी जे येऊन गेले त्यांच्या दानातून तुम्ही जेवता आणि शिबिर पूर्ण केल्याशिवाय तुमच्याकडून एक रुपया पण घेत नाहीत.

पहिले तीन दिवस फक्त श्वास, नाकाशी आत येतो बाहेर जातो तेवढंच बघायचं. बाहेर कसाऱ्याच्या बाजूचा तो पाऊस, धुक्यात समोरचा डोंगर दिसत नाही, आणि माझ्या डोक्यात बाजार भरलेला. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगावर जे काही जाणवतंय ते क्रमाने बघत जायचं, खाज असो, कळ असो, मुंग्या असोत, बरं वाटलं तरी धरायचं नाही, दुखलं तरी ढकलायचं नाही. आणि तिथून पुढे दिवसातून तीन वेळा एक-एक तास हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात. सहाव्या दिवशी दुपारच्या बैठकीत माझा डावा गाल तापला. अगदी निखारा ठेवल्यासारखा. आणि बाबा, मला आपला फलटणचा एसटी डेपो दिसला.

तुम्हाला आठवतं का माहीत नाही. मी तेरा वर्षांचा होतो, आईने तुमचा डबा घेऊन मला पाठवलं होतं आणि मी वाटेत क्रिकेट खेळत बसलो. पोचलो तेव्हा तुमची पुण्याची गाडी लागलेली, कंडक्टरकाकांनी डबल बेल दिलेली. तुम्ही खाली उतरून सगळ्यांसमोर मला एक ठेवून दिलीत आणि डबा न घेताच गाडी काढलीत. मी तो डबा परत घरी आणला. तेव्हापासून मी आतून तुमच्याशी बोलणं बंद केलं बाबा. तुम्हाला ते कळलं असेल पण तुम्ही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही आणि नंतर कॉलेज, नोकरी, लग्न सगळं झालं पण ते तसंच राहिलं.

त्या तासाभरात मी गाल नुसता बघत बसलो, कारण हलायचं नव्हतं. आधी आग, मग टोचल्यासारखं, मग नुसती धडधड, मग काहीच नाही. गेलं. अठ्ठावीस वर्षं मी जे सांभाळलं होतं ते तासाभराच्या आत अंगावरून उतरलं. दुसऱ्या दिवशी परत आलं, परत गेलं. आणि मग एक नवीनच गोष्ट कळली. संध्याकाळची वेळ, पोटात काही नाही, भुकेने कानशिलं तापलेली, आणि मला एकदम वाटलं की तुम्ही त्या दिवशी हे असंच पोट घेऊन जेजुरी, सासवड, दिवे घाट करत गाडी पुण्यापर्यंत नेली असेल. आदल्या रात्री मुक्कामी गाडीवर कुठल्यातरी गावात सीटवर झोपलेले असणार, डास, पाठ आखडलेली, आणि पोराने साधा डबा पोचवला नाही. मी इतकी वर्षं फक्त माझा गाल बघितला. तुमचं पोट कधी बघितलंच नाही.

मारलंत ते बरोबर होतं असं मी म्हणत नाहीये. पण तो राग माझ्यातही आहे, त्याच कानशिलातून सुरू होतो, आणि तो मला आता ओरडायच्या दोन क्षण आधी दिसतो. नेहमी नाही दिसत, पण पुष्कळ वेळा दिसतो.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री शिकवतात. मनात सगळ्यांबद्दल प्रेम आणायचं, ज्यांनी मला दुखावलं त्यांना मी माफ केलं, ज्यांना मी दुखावलं त्यांनी मला माफ करावं. छोटी आली, तिची आई आली, आई तू तर लगेच आलीस. बाबा, तुमचा चेहरा येईना. फक्त तुमचा उजवा हात आला, अंगठ्याच्या बुडाशी स्टेअरिंगने पडलेला तो घट्टा आहे ना, पिवळसर, तेवढाच. मी त्या घट्ट्यालाच मैत्री दिली. आणि मग जे रडू आलं ते थांबेचना, पण ते दुःखाचं नव्हतं. छातीत इतकी जागा झाल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आध्यात्मिक अनुभव वगैरे मोठे शब्द मला येत नाहीत, प्रकाश दिसला, देव दिसला असलं काही झालं नाही. पण माझ्यात काहीतरी जागं झालं हे मी छातीठोक सांगतो.

जानेवारीत गेलो ते बसायला नाही, सेवेला. एकदा शिबिर केलेला माणूस धम्मसेवक म्हणून जाऊ शकतो, पगार नाही काही नाही, दहा दिवस दुसऱ्यांची सोय बघायची. आणि मला तर वाटतं खरी परीक्षा तिथेच होते, डोळे मिटून शांत बसणं त्या मानाने सोपं आहे. पहिल्याच दिवशी मी हॉलमधली आसनं नंबरप्रमाणे लावली, दोन तास लागले, आणि दुसऱ्या सेवकाने येऊन काही न विचारता सगळी हलवली. माझी कानशिलं लगेच तापली. मी तिथेच आसन हातात धरून उभा राहिलो आणि श्वास बघितला, चार-पाच श्वास झाले असतील, मग त्याला मदत केली. त्याचीच मांडणी बरोबर होती, मी बायकांच्या बाजूचा नंबर इकडे धरला होता. रात्री नऊला सगळे सेवक आचार्यांसमोर बसतात आणि तेव्हा मैत्री होते, तेव्हा त्या माणसाचा चेहरा मात्र लगेच आला.

पहाटेची घंटा माझ्याकडे होती. थंडी इतकी की लोखंडाला हात लावला तर चटका बसावा. माझ्याकडच्या खोल्यांत एक आजोबा होते, पंचाहत्तरीचे असतील, गुडघे गेलेले, हॉलमध्ये खुर्चीवर बसायचे. त्यांना गरम पाण्याची बादली उचलवत नव्हती, म्हणून मी रोज त्यांच्या दाराशी नेऊन ठेवायचो. मौन असल्यामुळे ते वर बघायचे नाहीत, मला फक्त त्यांचे पाय दिसायचे, भेगाळलेले, नखं वाढलेली आणि आत वळलेली. दहा दिवस मी त्या माणसाचे पाय बघत होतो. मौन सुटल्यावर ते मला शोधत आले, नाव-गाव विचारलं. फलटण म्हटल्यावर म्हणाले, वडील आहेत का? म्हटलं आहेत. मग म्हणाले, त्यांना पाणी कोण देतं?

मी म्हटलं, आई देते.

ते सहज बोलले होते, म्हातारी माणसं विचारतात तसं, आणि पुढे दुसऱ्याच विषयावर गेले. पण मी गाडीत कल्याणपर्यंत तेच घेऊन बसलो होतो. आई, तू आजीचं तीन वर्षं अंथरुणात सगळं केलंस, कूस बदलणं, अंग पुसणं, आणि कधी त्याला सेवा असं नाव पण दिलं नाहीस. आणि बाबा, पालखी फलटणला मुक्कामाला यायची तेव्हा तुम्ही सुट्टी टाकून विमानतळाच्या मैदानावर, पालखीतळावर जायचात, तेलाची बाटली घेऊन वारकऱ्यांचे पाय चोळत बसायचात रात्री बारा-बारापर्यंत, मला पण न्यायचात. अनोळखी माणसाचा चिखलाचा पाय मांडीवर घ्यायचात. त्यानंतर आठ-पंधरा दिवस तुमचा आवाज घरात चढत नसे, हे मला आणि आईला दोघांना माहीत होतं, पण का ते तेव्हा मला समजलं नव्हतं. आता थोडं समजतंय. म्हणून आई, देव सोडला असं म्हणू नकोस. मी जिथे गेलो तिथे मला बाबांची तेलाची बाटलीच आठवली.

रोज सकाळी एक तास बसतो. संध्याकाळचा तास आठवड्यातून तीन-चारदाच होतो, लोकल आणि ऑफिसमुळे. छोटी कधीकधी शेजारी येऊन मांडी घालून बसते आणि पाच मिनिटांनी उठून जाते. भागाकार आता येतो तिला.

होळीला मी आठ दिवसांची रजा टाकलीये, शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतो, सकाळी पोचेन, छोटी आणि तिची आई रविवारी येतील. आई, तू मागच्या वेळी म्हणालीस की बाबांना वाकता येत नाही आणि नखं कापायला तुला नीट दिसत नाही, आणि ते दुसऱ्या कुणाला पायाला हात लावू देत नाहीत. शुगर असताना कोपरे खोल कापायचे नसतात, सरळ कापायची, हे मी डॉक्टरांना विचारून घेतलंय. चांगलं नेलकटर घेतलंय, मोठं. बाबा, मला पायाला हात लावू द्या. आधी कोमट पाण्याने पाय धुऊन नीट कोरडे करू, मग नखं मऊ पडतात. तिळाचं तेल घरात असेलच, नसलं तर येताना स्टँडसमोरून घेऊन येतो.

मी येईपर्यंत नखं कापू नका.

तुमचा,
बाळू