रविवारी फोन का लागला नाही

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

आई, रविवारी तू एकामागून एक फोन केलेस, मग दादाला केलास, आणि दादाने रात्री मला जे ऐकवलं ते असू दे. काही झालेलं नव्हतं. मी डोंगरात होते आणि तिथे रेंज नव्हती. हे फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसतं "बरं" म्हणालीस. तुझं "बरं" मी ओळखते. म्हणून लिहायला बसले आहे. आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती फोनवर काढली की बाबा फोन तुझ्या हातात देतात आणि तू "जेवलीस का" विचारतेस. कागदावर लिहिलं की निदान मध्येच तोडता येत नाही.

आधी डोंगराचं सांगते, कारण बाबांना तेच आधी हवं असणार.

ल्यूर म्हणून लांबच लांब डोंगर आहे, इथून, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या मानोस्कहून, गाडीने तासाच्या आत त्याच्या पायथ्याला पोचता येतं. माथा 1826 मीटर, पण मी तिथवर गेले नाही. मी पायथ्याच्या सेंत-एत्येन-लेझ-ऑर्ग या गावातून निघाले आणि जंगलातल्या जुन्या मठापर्यंत चढून परत आले. पाचशे मीटरहून थोडी जास्त चढण. बाबा, अजिंक्यताऱ्यापेक्षा जास्त आहे, पण वाट सोपी आहे, दगडांवर पिवळे पट्टे रंगवलेले असतात, चुकायला होत नाही. एकटी नव्हते, ऑफिसमधल्या दोघी बरोबर होत्या. (आई, हे वाक्य दोनदा वाच.)

गाव तुला आवडेल, आई. शेकडो वर्षं इथली माणसं डोंगरातल्या वनस्पती गोळा करून, वाळवून, त्यांची औषधं पाठीवरच्या पेटीत घालून देशभर विकत फिरायची. त्यातून काही घराणी चांगली श्रीमंत झाली. तुझा तो वेखंड-मुरडशेंगेचा बटवा घेऊन तू त्यांच्यात सहज खपली असतीस.

वाटेत मेंढवाडे लागतात. मला खरं ते तुम्हाला सांगायचे आहेत, बाबा. नुसत्या दगडाचे, लांबट, बुटके, भिंती हातभराहून जाड, आणि छपरालासुद्धा लाकूड नाही, सगळी दगडाची कमान. चुना नाही, माती नाही. मी आत शिरल्यावर तुमच्याच आवाजात मनात म्हटलं, "हेमाडपंती!" बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत. एकाला लागून धनगराची गोल खोपटी होती. तिचं छत मी बराच वेळ आडवी पडून बघितलं. चपट्या चुनखडीचे थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा दोन बोटं आत सरकवलेला, असं करत करत वर एका फरशीने तोंड बंद. फरशा किंचित बाहेरच्या बाजूला कललेल्या, म्हणजे पाणी आत न येता बाहेर पडावं. भिंतीत दिव्याची देवळी, काळी पडलेली. जमिनीवर अजून लेंड्यांची भुकटी. पाऊल टाकलं की उडते.

लाकूड का वापरलं नाही, तर तेव्हा हा डोंगर जवळजवळ बोडका होता. मेंढरांनी चरून आणि माणसांनी तोडून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने कायदे करून इथल्या डोंगरांवर झाडं लावायला घेतली, आणि आता ते वाडे पाइनच्या गर्दीत उभे आहेत. ज्या कुरणासाठी बांधले ते कुरणच राहिलं नाही. तुमच्या खात्यातल्या लोकांना हे ऐकवा, वृक्षारोपणाचे फोटो काढून मोकळे होणाऱ्यांना. कोरड्या दगडी बांधकामाची ही कला 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, फ्रान्ससकट युरोपातल्या काही देशांची मिळून.

मेंढ्या मात्र संपलेल्या नाहीत. उन्हाळ्यात सपाटीवरचे कळप अजून डोंगरावर चढवतात, थंडी पडायला लागली की खाली आणतात. आपले माणदेशातले धनगर दिवाळीनंतर निघतात तसंच, फक्त दिशा आणि ऋतू वेगळे. मला दहिवडीकडचं आजोबांचं रान आठवलं. रात्री मेंढरं बसवलेली, भोवती वाघर लावलेली, आणि तुम्ही मला घोंगडीत गुंडाळून बांधावर बसवलं होतं, आठवतं? मी विचारलं होतं, "बाबा, यांना थंडी वाजत नाही का?" तुम्ही म्हणालात, "यांचं घोंगडं आपण पांघरलंय, विचार त्यांनाच." मी खरंच जाऊन विचारलं होतं.

पुढचा परिच्छेद बाबांनी आईला मोठ्याने वाचून दाखवू नये. इथे लांडगे आहेत. फ्रान्समध्ये ते संपले होते, 1992 मध्ये इटलीच्या बाजूने परत आले आणि हळूहळू पसरले. म्हणून कळपांबरोबर मोठे पांढरे राखणीचे कुत्रे असतात आणि वाटेवर पाट्या असतात: कळपाला वळसा घाला, पळू नका, कुत्र्याला हात लावू नका. आम्ही वळसा घातला. लांडगा माणसाच्या वाटेला जात नाही हे तुम्हीच मला शिकवलंत. शिवाय सप्टेंबर ते फेब्रुवारी इथे शिकारीचा हंगाम, रविवारी बंदुका घेऊन लोक हिंडतात, म्हणून ठळक रंगाचे कपडे घालायचे. आई, मी तू विणलेला तो भगवा मफलर गळ्यात आणि दुसरा ओढणीसारखा पाठीवर असा घातला होता. दोघी मैत्रिणींनी तो कुठे मिळतो म्हणून विचारलं. म्हणजे आता दोन विणायचे आहेत, पण डोळ्यांना ताण येईल इतक्या घाईने नको. रात्री ट्यूबलाइटखाली विणत बसू नकोस.

मठ बाराशे मीटरच्या वर, बीच नावाच्या झाडांच्या जंगलात आहे. बीचची पानं आता तांबूस झाली आहेत आणि वाट त्यांनी पूर्ण झाकलेली. 1160 च्या दशकात शाले नावाच्या छोट्या पंथाच्या साधूंनी तो स्थापन केला. ते इकडून उत्तरेला असलेल्या बोस्कोदों मठातून आले होते. त्यांची गुजराण मेंढ्यांवर आणि जंगलावर. आज मुख्य उरलंय ते देऊळ, म्हणजे चर्च. अगदी साधं: एकच लांब दालन, वर दगडाची कमान, ना मूर्तींची गर्दी ना नक्षी. उताराला पाठ टेकवून बसलेलं. आत ऑक्टोबरातसुद्धा हाडं गोठवणारा गारवा. मला बरं वाटलं. का ते नीट सांगता येणार नाही, आणि तुम्ही "धर्म बदललास की काय" म्हणाल, म्हणून सोडून देते. बाहेरच्या ओट्यावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. हो, मीच केल्या होत्या. चांगल्या झाल्या होत्या.

आता दुसरी गोष्ट.

माझा करार मार्चमध्ये संपत होता. त्यांनी आणखी पाच वर्षांचा देऊ केला आणि मी सही केली आहे. गेल्या महिन्यातच.

आई, बस. पाणी पी. मग पुढे वाच.

मी परत यायचं म्हणत होते, ते खोटं नव्हतं. पण ईटरचं, म्हणजे अणूंच्या संमीलनातून ऊर्जा मिळवू पाहणाऱ्या आमच्या प्रकल्पाचं, वेळापत्रक 2024 मध्ये नव्याने आखलं गेलं, संशोधनाला सुरुवात 2034 मध्ये व्हायची आहे. जोडणीचा सगळा कठीण भाग आत्ता आहे. बाबा, गुजरातेत हजीऱ्याला बनवून तुकड्यातुकड्याने इथे आलेलं ते भांडं, क्रायोस्टॅट, सुमारे 3850 टनांचं, ज्याच्या बातमीचं कात्रण तुम्ही क्लबात सगळ्यांना दाखवलंत, त्याच्या आत आता काम चालतं. मी आत्ता निघाले तर ज्याची इतकी वर्षं तयारी केली तेच बघायला नसणार. दुसरं, पुण्यात माझ्या कामाच्या जोडीचं काम नाही. मी शोधलं, दादाच्या मित्रालाही विचारलं होतं. तिसरं, कोथरूडच्या जागेचे हप्ते इकडच्या पगारातून लवकर फिटतील. जागा विकणार नाही, शब्द देते. चौथं, इथून मुंबईला यायला एक दिवस लागतो, बंगळुरूहून साताऱ्याला यायला दादाला कधीकधी तेवढाच लागतो.

ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी ती तुमच्यासाठी मनात पुन्हापुन्हा मांडून बघितली. पण त्याहून साधं कारण असं की मला हे काम आवडतं. बाबा, तुम्ही कोयनेची बदली घेतलीत तेव्हा आजी किती दिवस बोलली नव्हती ते आईने मला सांगितलंय. तुम्ही तरी गेलात.

मी उपाशी नाही, एकटी नाही, गारठत नाही. घराला हीटिंग आहे. तूरडाळ मार्सेयला मिळते, ज्वारीचं पीठ कधी मिळतं कधी नाही. तूप मी इथल्या लोण्याचं कढवते आणि ते, सांगायला नको, पण आपल्यापेक्षा रवाळ होतं. शेजारच्या आजी मला आठवड्यातून एकदा सूप पाठवतात आणि मी त्यांना शिरा. त्यांना तो फार आवडतो, बदाम मात्र काढून ठेवतात.

आणि आता तुमचं. मेमध्ये तुम्ही दोघं इकडे यायचं आहे, व्हिसावर नव्वद दिवसांपर्यंत राहता येतं. दादाला मध्ये घालून नाही म्हणायचं नाही. कमोड आहे, पलंग उंच आहे, जिना नाही. इथे सगळे शॉवरखाली अंघोळ करतात, पण मी बादली आणि तांब्या आणून ठेवलाय. तांब्या स्टीलचा आहे, तरी चालेल. हॉस्पिटल गावातच आहे. आल्याचा चहा रोज. बाबांना पेपर मिळणार नाही, तेवढं टॅबवर वाचावं लागेल.

तेव्हा ल्यूरच्या मठाला आपण जाऊ. गाडी मठाजवळपर्यंत जाते, मी रस्ता बघून आलेय. बाबा, चढून जायचं नाही. तुम्ही वाड्यांसाठी हट्ट कराल हे मला माहीत आहे, म्हणून सपाटीवरचा जवळचा एक वाडा हेरून ठेवलाय, तिथे फार चालावं लागणार नाही. आई ओट्यावर बसेल, तुम्ही दगड मोजा.

पण त्याआधी हे करायचं:

बाबांनी अजिंक्यताऱ्यावर एकट्याने जाणं बंद. आईने मला सांगितलेलं नाही, उगाच तिच्यावर रागावू नका, मला दुसरीकडून कळलं. घराजवळ सपाटीवर चाला, मोबाइल खिशात ठेवून, बंद करून नव्हे. रक्त पातळ करायची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. अँजिओप्लास्टीनंतर ती गोळी बरं वाटण्यासाठी नसते. प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांकडून लेखी आणायचं. व्हिसासाठी तीस हजार युरोंचं संरक्षण असलेला प्रवास विमा लागतो, तो मी काढेन, फक्त जुन्या आजारांचे सगळे कागद स्कॅन करून पाठवा. कोपरे कापलेले नकोत. बोटांचे ठसे द्यायला तुम्हाला स्वतः जावं लागेल, तेव्हा गाडी करून जा, एसटीने नाही. भाडं माझ्याकडे.

आई, बाथरूममध्ये धरायचे दांडे बसवायला माणूस येत्या बुधवारी येईल. "भिंतीला भोकं पडतील" म्हणून त्याला परत पाठवायचं नाही. मी पैसे दिलेत. गुडघ्याचं तेल लावणं आणि फिजिओकडे जाणं यात फरक आहे, दोन्ही कर. आणि दिवाळीला माझ्या वाटणीच्या करंज्या करू नकोस. करशीलच, तर थोड्याच कर आणि शेजारच्या पोरांना दे. मागच्या वर्षी तू डब्यात ठेवून दिल्या होत्यास आणि त्या खवट झाल्या, हे बाबांनी सांगितलं.

मी दिवाळीला येत नाहीये, हे वरती लिहायचं राहिलं, की मुद्दामच राहू दिलं. जानेवारीत येते, दोन आठवडे. संक्रांत तुमच्याबरोबर. तिळगुळ मीच करेन, पाक मोडला तर मोडला.

पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं दूर असं नाही. मी हे बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, हिशोब करून लिहितेय. दरवर्षी तुम्ही इकडे किंवा मी तिकडे, असं धरलं तर मागच्या पाच वर्षांपेक्षा जास्तच भेटी होतात. बाबा, तुम्ही तपासून बघा, चुकलं असेल तर सांगा.

पत्र मिळालं की फोन करा. आधी आई बोलेल, मग तुम्ही. रागावायचं असेल तर रागवा, पण फोन ठेवू नका.

तुमची,
चिऊ

ता. क. दादाला कराराचं मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगू नका, शनिवारी मीच बोलते. तोपर्यंत त्याने विचारलं तर डोंगराचं सांगा.