खुले पत्र : जे कुणी लिहून ठेवलं नाही, त्यावर मालकी कुणाची?

प्रति,
पेटंट कायदा ज्यांच्या अखत्यारीत येतो ते माननीय मंत्रिमहोदय

विषय : वेबसाइटच्या रोजच्या वापरातल्या कल्पनांवर पेटंट न देण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

मी एकोणीस वर्षं वेबसाइट बनवतो. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव ठेवून हे पत्र एका पानात संपवायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही, कारण मध्यंतरी माझ्या परदेशी ग्राहकाने मला आलेली नाही, त्याला आलेली एक वकिली नोटीस पाठवून दिली. तेवीस पानांची.

आरोप काय, तर मी बनवलेल्या पानावर डाव्या बाजूला रंग, आकार, किंमत अशा चौकटी आहेत आणि चौकटीत खूण केली की पान पुन्हा न उघडता समोरची यादी बदलते. ही म्हणे एका कंपनीची पेटंट घेतलेली पद्धत आहे. महोदय, हे मी कुणाकडून चोरलं? मला आठवतही नाही मी ते कधी शिकलो. वर्तमानपत्राचं पान उलटायला जसं कुणी शिकवत नाही तसं.

ग्राहकाने भांडण टाळलं, त्या कंपनीला पैसे दिले आणि माझं चार महिन्यांचं बिल त्यात वळतं केलं. आमच्या करारात एक कलम असतं : बौद्धिक संपदेचा कुठलाही दावा आला तर भरपाई काम करणाऱ्याने द्यायची. त्यावर सही केल्याशिवाय काम मिळत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोन मुलांचे पगार मी बचतीतून दिले. वकील म्हणाला, हे पेटंट न्यायालयात बहुधा टिकणार नाही, पण ते सिद्ध करण्याचा खर्च तुमच्या दोन वर्षांच्या कमाईपेक्षा जास्त आहे. म्हणजे मी बरोबर असूनही हरलो, आणि अजून रात्री दोनला उठून तीच नोटीस वाचत बसतो.

आपण म्हणाल, तो परदेशातला कायदा आहे, आमचा काय संबंध? संबंध आहे. तेच संकट आता आपल्या दारात येतंय.

तिकडे काय झालं ते बघा. सप्टेंबर १९९९ मध्ये ॲमेझॉनला अमेरिकेत एका क्लिकवर खरेदी करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. डिसेंबरात, ऐन नाताळच्या हंगामात, न्यायालयाने बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीला ती पद्धत वापरायला मनाई केली आणि त्या दुकानाला आपल्या गिऱ्हाइकाला मुद्दाम एक क्लिक जास्त करायला लावावा लागला. २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने ती मनाई उठवली, पण पेटंट २०१७ पर्यंत जिवंत राहिलं. आणि खुद्द ॲमेझॉनच्या जेफ बेझोसनीच मार्च २००० मध्ये खुलं पत्र लिहून सुचवलं होतं की सॉफ्टवेअर पेटंटची मुदत तीन ते पाच वर्षं असावी. ज्याच्या हातात पेटंट होतं त्यालाही पेटंटाची वीस वर्षांची मुदत जास्त वाटली! ब्रिटिश टेलिकॉमने तर हायपरलिंक, म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारा दुवा, आपलीच आहे असा दावा लावला. २००२ मध्ये तो फेटाळला गेला. वेबपानाच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांवर पेटंट सांगणाऱ्या इओलास या कंपनीला २००३ मध्ये ज्युरीने मायक्रोसॉफ्टकडून सुमारे ५२ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. त्याच कंपनीच्या पेटंटांवर २०१२ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला तेव्हा वेबचे जनक टिम बर्नर्स-ली साक्षीला आले आणि ज्युरीने ते दावे रद्द ठरवले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने ज्यांचं वेब जगाला एक पैसाही न घेता खुलं केलं, त्या माणसाला ते खुलं आहे हे सांगायला न्यायालयाची पायरी चढावी लागली. याचा मला राग येतो. अजूनही येतो.

आता मूळ मुद्दा, आणि तो कुणी मंत्री, कुणी वकील नीट ऐकत नाही. पेटंट परीक्षक आधीचं काही सापडतं का ते शोधतो कुठे? जुन्या पेटंटांत आणि शोधनिबंधांत. पण वेबसाइट बनवणारे निबंध लिहीत नाहीत. एकाने मेनू वर ठेवला, दुसऱ्याने पाहिला, तिसऱ्याने जरा सुधारला, आणि दोन वर्षांत ती सगळ्यांची सवय झाली. जी गोष्ट जितकी साधी, तितकी ती लिहून ठेवावी असं कुणाला वाटत नाही. ज्या साइटवर ती पहिल्यांदा होती ती बंद पडलेली असते, तिचा सर्व्हरही उरलेला नसतो. मग एखादी कंपनी तीच गोष्ट 'वापरकर्त्याच्या निवडीस प्रतिसाद देणारी प्रणाली' अशा भाषेत अर्जात लिहिते आणि परीक्षकाला आधीचं काहीच सापडत नाही. हा आमच्या लिहून न ठेवण्याचा घेतलेला फायदा आहे, शोध नाही. आणि माझा कोड कुणी उचलला तर त्यासाठी कॉपीराइट आहेच की.

आपल्या कायद्यात कलम ३(के) आहे. निव्वळ संगणक प्रोग्रॅम, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम यांना पेटंट नाही, इतकं स्वच्छ. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने त्याला भोक पाडायचा प्रयत्न झाला आणि २००५ मध्ये संसदेने तो बदल घेतला नाही. तो शब्द होता, महोदय, संसदेने आम्हाला दिलेला. मग पेटंट कार्यालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, सॉफ्टवेअरला पेटंट हवं तर सोबत नवं हार्डवेअर हवं अशी अट आली आणि पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, ती काढूनही टाकली. कायदा संसदेने केला आणि त्याचा अर्थ मार्गदर्शिकेतून बदलत गेला. तुम्ही एकदा तरी आमच्यापैकी कुणाला विचारलंत?

आणि विरोध करायचा तरी कसा? पेटंट मिळण्याआधी कुणालाही हरकत घेता येते ही आमच्यासारख्यांची एकच खिडकी होती. मार्च २०२४ च्या नियमांनी तिच्यावर फी बसवली आणि हरकत दाखल करून घ्यावी की नाही हेच आधी ठरवायचा अधिकार पेटंट नियंत्रकाला दिला. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झालं. बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध दाद मागण्यासाठी कलम १०६ आहे, पण दाद मागायची न्यायालयात, म्हणजे पुन्हा वकील, पुन्हा तारखा. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी दार, बाकीच्यांसाठी नियमावली. जमिनीत हेच, परवान्यात हेच, आणि आता मनात आलेल्या कल्पनेतही हेच.

मला काय हवं ते सांगतो. पडद्यावरची मांडणी, यादी, बटण, फॉर्म यांच्यावरचा अर्ज कलम ३(के) खाली सरळ नाकारावा, त्यासाठी मार्गदर्शिकेत स्पष्ट उदाहरणं द्यावीत. हरकतीवरची फी काढावी. परीक्षकांना जुन्या वेबसाइटांचे संग्रह शोधणं सक्तीचं करावं. आणि दुसऱ्या देशांशी होणाऱ्या कुठल्याही व्यापार करारात कलम ३(के) सौद्याला ठेवू नये.

परवा माझ्याबरोबर काम करणारा एक मुलगा नवीन पान बनवताना थांबला आणि म्हणाला, "सर, हे कुणाचं पेटंट असेल का?" तो चोवीस वर्षांचा आहे. त्याला काय सांगू, ते मला तुमच्याकडून लेखी हवं आहे. पोचपावती नको, उत्तर हवं आहे.

कळावे,
वेबसाइट बनवणारा एक नागरिक