जयंतीच्या दिवशी तिमाही तक्ताही लागावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजर्षी शाहू महाराजांची जयंती, म्हणजे २६ जून, महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळली जाते. त्या दिवशी दसरा चौकातील पुतळ्याला सकाळपासून हार पडतात, संध्याकाळी पेठांमधून मिरवणुका निघतात. याबद्दल माझी तक्रार नाही. महाराजांच्या जयंतीला कोल्हापूरकराने उत्साह दाखवायचा नाही तर कोणी? मात्र त्या गडबडीत न्यायाचे काय झाले, हे विचारायचे राहून जाते.

२६ जुलै १९०२ रोजी, महाराज इंग्लंडमध्ये असताना, करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीतील ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्याच हुकमातील पुढची अट मात्र भाषणांत क्वचितच ऐकू येते. या हुकमानंतर केलेल्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सरकारला सादर करावा, अशी ती अट होती. कागदावरचा हुकूम कचेरीत कसा मुरतो, हे महाराज पुरते ओळखून होते. प्राथमिक शिक्षण १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत केले, तेव्हाही मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवलाच होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढून दिल्यावर तिथला चहा स्वतः चारचौघांत पिऊन दाखवणे, हीदेखील त्याच हुकमाची अंमलबजावणी होती असे मी मानतो.

गेल्या जूनमध्ये माझ्या एका तरुण सहकाऱ्यासाठी खोली पाहायला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. खोली पसंत पडली, भाडेही ठरत आले, एवढ्यात घरमालकांनी त्याचे पूर्ण नाव विचारले. आडनाव ऐकल्यावर, खोली कालच एका नातेवाइकाला दिल्याचे त्यांना आठवले. ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी पुढे पंधरा दिवस फाटकावर तशीच होती आणि तिच्या शेजारी जयंतीचा फलक होता, ज्यात वर्गणीदार म्हणून त्याच गृहस्थांचे छायाचित्र होते. सहकाऱ्याला त्याचे नवल वाटले नाही. मलाच ते बोचत राहिले.

म्हणून एक सूचना करतो. दर २६ जूनला महापालिका, जिल्हा परिषद आणि अनुदानित शिक्षणसंस्थांनी आपापल्या दारावर साध्या मराठीत एक तक्ता लावावा: राखीव जागांपैकी किती भरल्या, किती आणि कधीपासून रिकाम्या आहेत, शिष्यवृत्तीचे किती अर्ज अडले आहेत आणि कोणत्या टेबलावर. ही माहिती कार्यालयांकडे असतेच, ती अर्ज करून मागावी लागू नये एवढेच. घरमालकांच्या फाटकाला असा तक्ता लावता येणार नाही, हे मला कळते. निदान मंडळांनी वर्गणीची पावती फाडताना तेवढी चौकशी करावी.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर